देव्हाऱ्यातला करार

परवा जळकोटला धाकट्या बहिणीकडे, कमलकडे गेले होते. तिची लेक सारिका नर्स आहे. आखाती देशातल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली, आणि त्या दिवशी करारावर सही करायची होती.

आमच्याकडे असा कागद आधी देव्हाऱ्यात ठेवतात. हळदकुंकू वाहायचं, मुहूर्त बघायचा, मग सही. कागदात काय लिहिलंय ते एजंटला विचारायचं... आणि एजंट पाहुण्यातलाच असला तर तेही नाही.

हा एजंट कमलच्या दिराचा मेहुणा. "राहणं फुकट, जेवण फुकट, काळजीच नको," तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. विधवा बाईनं अशा वेळी पुढं होऊ नये, हे कुणाला सांगावं लागत नाही.

पण मला ह्यांची आठवण आली. हे तिकडंच वेल्डिंगच्या कामाला होते. आजारी पडले, काम सुटलं, आणि त्याच दिवशी खोलीही गेली. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात... घरी यायला दोन महिने लागले. आल्यावर फार दिवस राहिले नाहीत.

नंतर त्यांच्या ट्रंकेत इंग्रजीतला करार सापडला. मी सातवी पास. डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावत तो वाचला. सगळं त्यात लिहिलेलं होतं... आम्हीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून हाती येईल तो कागद मी वाचते.

तर मी पुढं झाले आणि देव्हाऱ्यातून कागद उचलला. कमल ओरडलीच, "ताई! पूजेचा कागद हाय तो!"

चष्मा लावून तिथंच बसले. तिसऱ्या पानावर दोन ओळी सापडल्या. नोकरी सुटली की त्याच दिवशी खोली सोडायची. पासपोर्ट कंपनीकडं जमा.

परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी सरकारची हेल्पलाईन असते. सारिकाची नोकरी ठरली तेव्हाच मी तिथं विचारून ठेवलं होतं. एजंटला म्हणाले, "पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. ती ओळ काढा. आणि नोकरी सुटल्यावर खोलीला महिन्याची मुदत अन् परतीचं तिकीट लिहून आणा."

"मावशी, तुम्ही वकील कधी झालात?" तो हसला. "छापील फॉर्म हाय. बदलत नसतो."

"मग पोरगी बी जात नसती."

कमलचे डोळे भरले. मुहूर्त टळत होता, हातची नोकरी जायची वेळ... मलाही धाकधूक होती, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात सारिकानं पेनाला टोपण लावलं. "मावशी म्हणते तसं लिहून येऊ द्या," ती म्हणाली. "तोवर मी थांबते."

एजंट तणतणत अंगणात गेला, बराच वेळ फोनवर बोलला. मग इस्त्रीच्या शर्टात, भर उन्हात, स्वतःच स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं गेला... आणि नवीन पानं घेऊन आला. न बदलणारा फॉर्म बदलला होता!

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"झालं का, वकीलसाहेब?"

"थांबा की. अजून एक पान राहिलंय."

या वेळी घरातली माणसं हसली. एजंट सोडून.

कागद परत देव्हाऱ्यात ठेवायला मी कमलपुढं केला. तिनं तो घेतला नाही. कुंकवाचा करंडा माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "ताई, तूच लाव."

हे गेल्यापासून कुंकवाला माझं बोट लागलं नव्हतं. बोट बुडवलं आणि चारही पानांवर लावलं. मग सारिकानं सही केली.

लातूरला घरी आल्यावर ट्रंक उघडली. ह्यांच्या जुन्या करारावरही कुंकवाचं एक बोट लावलं. त्या कागदानं त्यांचं छप्पर काढून घेतलं होतं... आज त्याच कागदाच्या जोरावर मी एका पोरीचं राखलं.