पुलावरच्या ओल्या वहाणा

त्या दिवशी ओढ्यावर होतो ते असे — मी, कौसाबाई. माझा मुलगा सिद्धार्थ, सून वैशाली, नात मित्रा. मित्राच्या बरोबरीनं दगड लावणारा टॉम नावाचा म्हातारा गोरा गवंडी. आणि टॉमची कुत्री डेझी. नावं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी म्हणायला नको की म्हातारीला एकटीलाच भास झाला. सगळ्यांनी बघितलं. कुत्रीचं तेवढं मला माहीत नाही.

मी बोलतेय, वैशाली टाइप करतेय. मला वाचता येतं, पण अक्षर जुळवत जुळवत. इथं ग्रुपवर लोक भुताखेताचे अनुभव टाकतात ते वैशाली मला वाचून दाखवते आणि मी हसते. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा माझ्या बापानं गंडे-दोरे, अंगारे सगळं टोपलीत भरून नदीत सोडलं. मसणवट्यातून लाकडं गोळा केलीत मी लहानपणी. कधी काही दिसलं नाही. तेव्हा मला घाबरट समजू नका... आणि हा अनुभव भीतीचा नाहीच.

जागा सांगते. अमेरिकेतल्या ओहायोमधलं डब्लिन. गावाच्या कडेला एक पार्क आहे, त्यातून ओढा जातो, गुडघाभर पाण्याचा. त्याच्यावर माझ्या नातीनं दगडी पूल बांधला. मित्रा इथंच जन्मली. मराठी बोलते, पण चिडली की इंग्रजीत जाते. तिच्या बरोबरची पोरं कंप्युटरमध्ये गेली, ही दगडात गेली. युरोपात जाऊन राजेरजवाड्यांच्या काळातले पूल बघून आली, त्यांच्यावरच शिकली. "आजी, सिमेंट नाही, लोखंड नाही. दगडच दगडाला धरून ठेवतो, बस."

सिद्धार्थला पटत नव्हतं. "एवढं शिकवलं, शेवटी पोरगी गवंडीच झाली."

"झाली तर झाली," मी म्हणलं. "आपल्यातलं कुणी पूल बांधतंय, हे तुला कमी वाटतं का?"

असा पूल बांधायचा तर आधी खाली लाकडाची कमान करतात, तिच्यावर दगड रचतात. मधला शेवटचा दगड बसला की लाकूड काढून घ्यायचं. बरोबर बसलं असेल तर पूल उभा राहतो. कुठं चुकलं असेल तर सगळं ओढ्यात. मित्राचा हा पहिलाच पूल. त्या आठवड्यात तिचा घास हातातच राहायचा.

शनिवारी दुपारी, कडक उन्हात, लाकूड काढलं. टॉम एकेक पाचर ठोकून सैल करत गेला. कर्र... असा आवाज झाला, थोडी माती गळली, आणि कमान आपली आपण उभी राहिली. मित्रा गवतात बसून लहान लेकरासारखी रडली. मग त्यांनी वाळूची पोती वर ठेवून बघितली, काढली. पूल हलला नाही.

आता पहिलं माणूस कोण जाणार? मित्रा डोळे पुसत हसायला लागली.

"आजी, युरोपातल्या जुन्या पुलांची गोष्ट माहितीये? म्हणे पूल सैतानानं बांधला. आणि त्याची मजुरी काय, तर जो पहिला जाईल त्याचा जीव. मग गावकरी कुत्र्याला पुढं सोडायचे. स्मार्ट ना?"

टॉमनं लगेच डेझीचा पट्टा सोडला. "गो, डेझी, गो!"

"धर तिला!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की टॉमला मराठी कळली. त्यानं कुत्री धरली.

"आई, जोक आहे तो," सिद्धार्थ म्हणला.

"असू दे. कुत्र्याला पूल आणि आपल्याला पाणी, हे मी बघितलंय एकदा. कुत्रीच्या आधी मी जाणार."

आणि मग जे मुलाला कधी सांगितलं नव्हतं ते तिथं उन्हात उभं राहून सांगितलं. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाही, तिथं अजून माणसं राहतात. गावाच्या नदीवर काळ्या दगडाचा, बादशाही वेळचा पूल होता. गावात सांगायचे की तो बांधताना तीनदा ढासळला, मग आमच्यातलं एक जोडपं पुलाच्या पायात जिवंत पुरलं, तेव्हा उभा राहिला. खरं-खोटं मला माहीत नाही. पण आमच्या माणसांवर उभा असलेला पूल आमच्या पायांनी बाटायचा. वरून गावची कुत्री जायची. आम्ही खालून, पाण्यातून. कायदा झाला होता म्हणतात, आमच्या नदीपर्यंत आला नव्हता. एका श्रावणात वरच्या अंगाला पाऊस झाला आणि एकदम लोंढा आला. पूल वरून कोरडा होता. माझी माय त्याच्याखालून वाहून गेली.

सिद्धार्थ म्हणला, "तू तर म्हणायचीस आजी पुरात गेली."

"पुरातच गेली की."

एक गोष्ट मात्र तेव्हाही सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. माझा बाप चामड्याचं काम शिकला नव्हता, तरी त्यानं मायला वहाणा शिवून दिल्या होत्या. म्हणला, धम्म घेतलाय, आता अनवाणी फिरायचं नाही. पुढं डाव्या वहाणेचा तळ फाटला तर त्यानं ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा लावला. उजवीला कातडंच राहिलं. त्यामुळं मायच्या दोन पावलांचे दोन आवाज यायचे. झोपेतसुद्धा मला कळायचं, आली माय. नदीपाशी मात्र त्या काढून पदरात बांधून घ्यायची. ती सापडली तेव्हाही वहाणा कमरेला बांधलेल्याच होत्या.

तर... मित्रा म्हणली, "आजी, माझा हात धर."

"नको. तुझा पूल आहे, तू लांबून बघ."

मनात म्हणलं, पहिला जीव मागत असशील तर हा घे, माझ्या लेकराच्या वाटेला जाऊ नको. आता तुम्ही म्हणाल, विश्वास नाही तर हे कशाला? लेकरासाठी माणूस दोन्हीकडून बघतं.

मी निघाले. पायात सिद्धार्थनं आणलेले स्पोर्ट्स शूज, कोरडे. दगड एवढे तापलेले की बुटातून ऊन लागत होतं. मध्यावर आले, आणि डाव्या अंगाला, जरा मागं...

चप्... चट. चप्... चट.

एक पाऊल रबराचं, एक कातड्याचं. दोन्ही ओली.

मी मान वळवली नाही. भ्याले म्हणून नाही. मायला सवय होती, कुणी बघितलं की ती बाजूला सरायची, वाट सोडायची. मला तिला पुलावरून बाजूला सारायचं नव्हतं. मी सरळ बघत, तिच्या चालीनं चालत राहिले. पलीकडं गवतावर पाय ठेवला आणि आवाज थांबला.

वळून बघते तर सगळे त्या काठालाच उभे. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, सगळे दगडांकडं बघत होते. टॉमनं टोपी काढून हातात घेतली होती.

"हू वॉज विथ हर?" त्यानं विचारलं.

पुलाच्या तोंडापासून, जिथं पाण्यातून वर यायचा उतार आहे तिथून, पावलं उमटली होती. ओली. पार माझ्यापर्यंत. मित्रा वाकून बघत बघत आली. "आजी, उजवं प्लेन आहे. पण लेफ्टला... हे टायरचं डिझाइन आहे. कारचं टायर?"

"ट्रकचं," मी म्हणलं.

तिनं वर बघितलं. सिद्धार्थ उकिडवा बसला आणि शेवटच्या पावलावर त्यानं तळहात टेकवला. "ओलं आहे, आई," एवढंच म्हणला. उन्हानं बघता बघता सगळी वाळून गेली.

वैशालीनं फोटो काढलाय. दगडावर ओले डाग दिसतात. ज्याला टायर बघायचा त्याला टायर दिसतो, ज्याला नाही त्याला नाही. मित्रानं किती कारणं काढली... सकाळी दगड धुतले होते, लाकडाचं पाणी ठिबकलं असेल, टॉमचे बूट असतील. टॉमचे दोन्ही बूट एकसारखे होते, तिनंच उलटे करून बघितले. वहाणांचं मी त्या रात्री जेवताना सांगितलं. सिद्धार्थ ताटावरून उठला आणि मित्राला जवळ घेऊन बराच वेळ उभा राहिला. गवंडी हा शब्द त्यानं परत काढला नाही. आता ऑफिसातल्यांना मुद्दाम पूल दाखवायला नेतो.

डेझी त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी गेली, शेपटी हलवत.

कारण मला अजून माहीत नाही. मी भूत मानत नव्हते, आजही मानत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की जिला आयुष्यभर पुलाखालून जायला लागलं, ती पणतीच्या पुलावरून गेली. मधोमध. पायात वहाणा घालून.

तुम्हाला काही कारण सुचलं तर खाली लिहा, वैशाली वाचून दाखवेल. फक्त एक विनंती आहे. तिला भूत म्हणू नका. तिचं नाव गयाबाई.