ठेकेदार वामनभाऊ

वामनभाऊ पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा बसले नाहीत. आधी भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र ओठ हलवत पूर्ण वाचलं. मग विचारलं, "शिक्का खरा आहे ना?"

दिग्रसमध्ये मी लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देतो. वामनभाऊ एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. सकाळी आठला हजर, सुट्टी हवी तर मालकाला विचारायची. पण कागदावर ते नोकर नव्हते, ठेकेदार होते. म्हणून पीएफ नाही, विमा नाही, आणि प्रत्येक बिलातून टीडीएस कापलेला.

"मी ठेकेदार आहो, तं सुट्टी कायले मांगा लागते?" ते म्हणायचे. "अन् नोकर आहो, तं पीएफ कुठं गेला?"

मी समजावलं, कापलेला टॅक्स सरकारकडे जमा होतो. तुमचं उत्पन्न कमी, रिटर्न भरला की परत मिळेल.

"जमा झाला, हे तुमी डोयानं पाह्यलं काय?"

पाहिलं नव्हतं. संगणकावर त्यांची नोंद उघडली. दोन वर्षांची कपात तिथे नव्हतीच; मालकाने कापली, पण भरली नव्हती.

वामनभाऊ चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "जिनिंगचे कागद कोन करते?"

"टीडीएस मुनीम पाहतो. जीएसटी माझ्याकडे आहे."

"मंग तुमी दोन्हीकडचे," ते म्हणाले.

पुढे यवतमाळला व्यापाऱ्यांच्या सभेत एक सल्लागार सांगत होते, ठेकेदारांचे नियम सोपे व्हायला हवेत. माझ्यासोबत आलेले वामनभाऊ मागून उठले. "सोपे कराच. पन ठेकेदार कोनाले म्हनाचं, हे आंधी ठरवा. आज ते मालक ठरवते."

ही गोष्ट मालकाच्या कानावर गेली. त्याने कापलेले पैसे द्यायची तयारी दाखवली. फक्त एका करारावर सही हवी होती. कागद माझ्याकडेच आला. मी वामनभाऊंना वाचून दाखवला आणि म्हणालो, "करून टाका. पैसे तर सुटतील." त्यांनी कागद हातात घेतला, एका जागी बोट ठेवलं. "हे लाईन तुमी वाचलीच नाई."

‘मागच्या सगळ्या वर्षांत मी स्वतंत्र ठेकेदारच होतो, माझी कुठलीही मागणी नाही,’ असं तिथे लिहिलं होतं. मी ती जाणूनबुजून गाळली की नजरचुकीने, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्यांनी सही केली नाही. काम गेलं. कामगार कार्यालयातली त्यांची तक्रार अजून चालू आहे.

परवा ते घाटंजीच्या बाजारात भेटले. तिथे मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलंय. चहा पाजला, माझ्या मुलीची चौकशी केली. मी भीत भीत विचारलं, "रिटर्न आता कोण भरतं?"

"मीच," वामनभाऊ म्हणाले. "शिकलो."