तिची एकटीची सही

नोकरीत घेतलेले बहुतेक जबाब मी विसरलो. विसरावेच लागतात, नाहीतर झोप येत नाही. पण वाडीवरच्या एका सुईणीला मी साडेतीन तास ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, तो दिवस निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवी न्याय संहिता अजून यायची होती, जुनीच कलमं चालू होती. नावं मी कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात, बाजारात एकमेकांना भेटतात.

थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती, कोर्टात जाणारे शिपाई कागद घेऊन निघाले होते. तेवढ्यात एक तिशीतला माणूस तक्रारी अर्ज घेऊन आला. साजगावच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. त्या दिवशी पाळीला न जाता सरळ ठाण्यात आला होता. अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि दोन ठिकाणी शाई फुटली होती.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. त्याची बायको तीन महिन्यांची गरोदर होती. दोन मुली होत्या, हे तिसरं. परवा तिला खूप रक्त गेलं आणि सरकारी रुग्णालयात भरती करावी लागली. मूल गेलं. रुग्णालयाच्या कागदावर 'सोबत आणणारी व्यक्ती' म्हणून वाडीवरच्या एका सुईणीचा अंगठा होता.

"ती बाई आमच्याकडं येती-जाती, साहेब. माझ्या पोरींना न्हाऊमाखू तिनंच घातलं. तिनंच काहीतरी झाडपाला पाजला. माझी बायको तसली नाय. तिला कळलंपण नसंल काय दिलं ते."

शेवटी तो "पोर गेलं माझं," एवढंच म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आजही वाटतं, तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसलं त्यावरून त्यानं आपल्या मनाची समजूत घातली होती.

स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं म्हणजे कलम ३१३. दखलपात्र गुन्हा, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. रुग्णालयाकडून पोलिसांना कळवणारी वर्दीही सकाळीच आली होती. गुन्हा नोंदवण्याआधी सुईणीची चौकशी करावी, असं मी ठरवलं आणि गाडी पाठवली.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. पंधरा वर्षांची नोकरी, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साहेब, बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो ना?"

"चौकशीच करतोय. अटक कुठं केलीय," मी म्हणालो.

नियम मला पाठ होता. बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. शिळफाट्यावरच्या एखाद्या वकिलाच्या किंवा शिक्षकाच्या घरातली बाई असती तर मी स्वतः जोडे काढून त्यांच्या दिवाणखान्यात बसलो असतो. ही ठाकूरवाडीची आदिवासी बाई होती, म्हणून गाडी पाठवली. हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

चौक गावच्या रस्त्याकडेला ती आवळे विकायला बसली होती. शिपायांनी तिला पाटीसकट उचलून आणलं. पन्नाशीची, वाळलेल्या अंगाची बाई. पाटी बाकाखाली सरकवून ती बसली. तिला कुणी पाणी विचारलं नाही. मीही नाही.

"काय दिलंस तिला?" मी विचारलं.

"मी कायपण दिलं नाय, सायब."

"मग दवाखान्यात तू कशी?"

"मी आवळं द्यायला तिच्या घरी गेली. ती मोरीत पडलेली. लुगडं सगळं भिजलेलं. घरात मोठं कोण नव्हतं. मी रस्त्याला येऊन टेंपो थांबवला."

"कशानं झालं ते?"

तिनं पाटी पायानं आणखी आत सरकवली.

"तुला माहीत आहे."

"म्हाईत हाय. पण ते तिनं सांगायचं हाय. तिला विचारा."

मी आवाज चढवला. पाच-सहा वेळा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. जन्मठेपेचं नाव घेतलं. ती खाली बघत राहिली. सुटायचं असेल तर नाव सांग, असंही म्हणून पाहिलं. तिनं नाव सांगितलं नाही.

चौकशीत एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली आहे. ज्यानं काही केलेलं असतं तो पहिल्यांदा स्वतःचं विचारतो: मला कधी सोडणार, माझ्यावर काय लागणार. साडेतीन तासांत या बाईनं मला एकच प्रश्न विचारला. "सायब, ती पोरगी वाचली का?"

मी हो म्हणालो. तिनं पदरानं तोंड पुसलं. माझ्या तपासाची दिशा तिथंच बदलली. मी तिला गाडीनं चौकला परत सोडायला सांगितलं आणि महिला हवालदारांना घेऊन रुग्णालयात गेलो.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. त्यांनी तपासणीचा कागद पुढं केला. "झाडपाल्याचं काही नाही यात. आत काही घातल्याची खूणही नाही. गोळ्यांनी झालेला अपुरा गर्भपात आहे. देखरेख नाही, प्रमाण चुकलेलं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आम्ही. आणखी तासभर उशीर झाला असता तर तुम्ही पंचनामा करायला आला असता."

म्हणजे सुईणीनं जीव घेतला नव्हता, वाचवला होता.

ती मुलगी वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर होती. मुलगीच म्हणतो, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, पंचविशीची असेल. हवालदार बाई तिच्या उशाशी बसल्या. मी स्टूल ओढून थोडा लांब बसलो. जबाबाचा कागद काढला आणि पहिला प्रश्न विचारला.

"नवऱ्याला विचारलं होतंस का?"

तिनं मान वळवली. मग म्हणाली, "तिथंपण हेच विचारलं."

"कुठं?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. धाकटी अजून अंगावर पीत होती. तिच्या बाळंतपणात हिला इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढ्यात पुन्हा नको. नवऱ्याला मुलगा हवा होता. दिवस राहिल्याचं कळल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती एका रुग्णालयात गेली. ते कुठलं, हे लिहीत नाही. तिथं खिडकीवर सांगितलं, नवऱ्याची सही आण. ती परत गेली, म्हणाली, माझी सही घ्या. तेव्हा सांगितलं, नवऱ्याचं आधार कार्ड आण आणि त्यालाच घेऊन ये.

पोलिसाचं डोकं संशयानंच चालतं. मी विचारलं, "मुलगी आहे असं कुणी सांगितलं होतं का?"

"काय होतं ते मला म्हाईत नाय, साहेब. मुलगा असता तरी मला आता नको होतं. माझ्या अंगात नव्हतं."

"औषध कुणी दिलं?"

"मी घेतलं. माझ्या मनानं घेतलं. कुणी पाजलं नाय."

"आणलं कुणी?"

त्यावर ती काही बोलली नाही. अगदी त्या सुईणीसारखी.

बाहेर व्हरांड्यात मी डॉक्टर बाईंना म्हणालो, "नवऱ्याची सही मागितली त्यात चूक काय? नियम असेल."

त्या म्हणाल्या, "असा नियम नाही. बाई अठरा वर्षांवरची असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची लागत नाही, सासऱ्याची लागत नाही. ही वेळेत गेली होती. कायद्यात बसत होती. तिला आत घेतलं असतं तर अर्ध्या दिवसात घरी गेली असती." मग म्हणाल्या, "तुम्हीही पहिला प्रश्न तोच विचारलात. मी ऐकलं."

तीसेक वर्षं नोकरी झाली होती माझी. हुंडाबळीपासून गर्भलिंग तपासणीपर्यंत सगळी कलमं शिकलो होतो. गर्भपात म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं गुन्हाच यायचा. कायदा बाईला काही देतोही, हे मला एका तरुण डॉक्टरनं व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला बोलावलं. तो एकटा आला नाही, मागोमाग त्याची आईही आली. ती दाराबाहेर बसली. मी त्याला सांगितलं की सुईणीनं काही दिलेलं नाही, बायकोनं स्वतःच्या इच्छेनं गोळ्या घेतल्या, ३१३ इथं लागत नाही.

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "साहेब, पोरात माझा काय वाटा नाय का? मला एका शब्दानं विचारलं नाय तिनं."

त्याचं दुखणं खरं होतं. मी म्हणालो, "विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

तो काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. "नाय म्हणाला असता."

त्याची आई आत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. "गोळ्या मी आणल्या, साहेब. तिनं सांगितलं नाय ना? नाय सांगायची ती. दुकानदाराला म्हणलं, सुनंला पायजेल. त्यानं कागद मागितला नाय, वय विचारलं नाय. दिल्या."

"आई, तू?" मुलगा एवढंच म्हणाला.

"मीच. तिच्यासंगं दवाखान्यात दोनदा मीच गेली होती. तिथनं हाकलली आमाला. मंग काय करू? मागच्या टायमाला तिला पांढरीफटक पडलेली मी बघितलीय. तू पाळीला होतास." मग तिचा स्वर उतरला. "तुला धरून सात झाली रं मला. चार गेली. मला कुणी विचारलंवतं? माझी सासू म्हणायची, हुंदे अजून एक. मी सुनंला तसं म्हणायची नव्हती."

"मला सांगायचंस ना," तो म्हणाला.

"तुला सांगायला आमी भ्यायलो."

मशीनवर काम करणारा तो धिप्पाड माणूस खाली बघत बसून राहिला. आपल्याला घरातली माणसं भितात, हे कळायला त्याला पोलीस ठाण्यात यावं लागलं होतं. त्यानं मारहाण कधी केली नव्हती, ते मी वेगळं विचारून घेतलं होतं. फक्त तिसऱ्या वेळी मुलगाच, हे तो इतक्या वेळा बोलला होता की घरात दुसरं काही बोलायला जागा उरली नव्हती.

त्यानं अर्ज मागे घेतो म्हणून लिहून दिलं. आता कायद्याचं विचाराल तर सासू-सुनेवर कलम ३१२, संमतीनं केलेल्या बेकायदा गर्भपाताचं, ओढता आलं असतं. ते अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. कुणी आदेश मागितला नाही, मीही मागितला नाही. स्टेशन डायरीत खरी हकिकत लिहिली आणि सही केली. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराचा अहवाल औषध निरीक्षकांकडं पाठवला, त्याचा परवाना काही काळ निलंबित झाला. सही मागणाऱ्या रुग्णालयाबद्दल डॉक्टर बाईंनी वर लेखी कळवलं. त्याचं पुढं काय झालं, हे मला कुणी कळवलं नाही.

नंतर एका रविवारी, गणवेश न घालता, मी वाडीवर गेलो. ती सुईण अंगणात वाल सोलत होती. मला बघून उठली. मी म्हणालो, "बसा. त्या दिवशी तुम्हाला ठाण्यात आणायला नको होतं. चूक माझी होती."

ती थोडी गोंधळली. तिला कुणी 'तुम्ही' म्हणत नसावं. "आवळं गेलं माझं त्या दिवशी," ती म्हणाली. "गिऱ्हाईकाची येळ टळली. पोरगी हिंडाय-फिराय लागली ना पण."

गर्भपात बरा की वाईट, यावर माझ्या घरातही एकमत नाही. माझी बायको देवभोळी आहे, तिचं मत तिचं. पण सुईण, सून आणि सासू अशा तिघी बायका मला या तपासात भेटल्या, आणि तिघींनी एकमेकींना वाचवलं. जे लोक खुर्चीवर बसले होते, खिडकीवर आणि ठाण्यात, ते सही मागत राहिले. दार बंद केलं म्हणून गरज थांबत नाही, बाई मागच्या रस्त्यानं जाते आणि त्या रस्त्यावर रक्त सांडतं. हे मी या प्रकरणात शिकलो. नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायची वेळ आली तर त्यांना मी एवढंच सांगतो: अशा वेळी बाईला पहिला प्रश्न विचारा, तू आधी कुठं गेली होतीस, आणि तिथं तुला काय सांगितलं.

शिकलो, पण उशिरा. नोकरीच्या सुरुवातीला कर्जत भागात असताना एका वाडीवरचा अकस्मात मृत्यू माझ्याकडं चौकशीला आला होता. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, लग्न झालेलं. घरच्यांनी सांगितलं, पोटात दुखत होतं. चटई रक्तानं भिजून काळी पडली होती, ती मी पाहिली होती. तिची आई दाराशी उभी राहून काहीतरी सांगू बघत होती. मला पुढच्या बंदोबस्ताला जायचं होतं. 'पोटाच्या आजाराने मृत्यू, संशय नाही' असं लिहून मी तो कागद बंद केला. खाली सही माझी एकट्याचीच आहे.