भाकरी शिकवणारी स्वतः काय खाते

बायाहो, बोलून मी राह्यली, टाईप शेजारची वर्षा करते. मले अक्षर येत नाही, जीभ मात्र शाबूत आहे.

महिनाभरापासून शौचाले रक्त पडते, म्हणून आज यवतमाळले दवाखान्यात गेलती. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आजी, जेवता काय?"

"ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण." या ग्रुपवर तुम्हाले शिकवते तेच सांगितलं.

"आज सकाळी काय खाल्लं?"

"चहा-टोस्ट."

"काल रात्री?"

"नूडल्सची पुडी."

"आणि परवा?"

"तेच, बाई. वरून फरसाण. रोज एकच कसं खावं?"

ती हसली नाही. म्हणाली, "रोज पाकिटातलं खाऊन आतड्याला सूज राहते. ती वर्षानुवर्षं राहिली तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुम्हाला तेच आहे असं नाही, पण दुर्बिणीनं तपासावं लागेल. भाकरी येते, तर करत का नाही?"

म्हन्लं, "बुढा गेल्यापासून एकटीसाठी पीठ मळाले हात उठत नाही."

तपासणी सोमवारी आहे. घरचं माणूस सोबत आणा म्हणे. घरचं म्हणजे लेक, तो पुण्याले.

घरी येऊन त्याले फोन लावला. त्यानं विचारलं, "आई, तब्येत कशी आहे?"

मी म्हन्लं, "मस्त." मग पाण्यापावसाचं बोललो आन् फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईले खरं सांगता आलं, पोटच्या पोराले नाही. उद्या पुन्हा लावते. पहिलं वाक्य काय बोलू, सांगा बरं.