क्लाइव्ह टीव्हीवर येणार होता

नॉर्मा टनिक्लिफ ही बाई मुळात घाबरट नव्हे. इंग्लंडातल्या स्टोक शहरात, बर्स्लेमच्या कपबश्यांच्या कारखान्यात कपांच्या काठांवर सोनेरी रेघ ओढण्यात तिचा जन्म गेला, आणि हात थरथरणाऱ्या बाईला तिथे कोणी दुसऱ्या दिवशी उभं करत नसे. पण त्या मार्चमध्ये घरी चहा घेताना तिची बशी वाजायला लागली. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "वय झालं गं." वय वगैरे काही नाही, बाईचा जीव टांगणीला लागला होता.

टीव्हीवर सिनेमा येणार होता, द सॅगर्स या बँडवर. सॅगर म्हणजे भट्टीत भांडी ठेवायचा मातीचा डबा. ते नाव घेऊन स्टोकची पाच पोरं गिटारी बडवत निघाली आणि सत्तरच्या दशकात अर्धा युरोप नाचवून आली. त्यातला दुसरा गिटारवाला क्लाइव्ह हा नॉर्माचा नवरा. एकोणतिसाव्या वर्षी रॉटरडॅमच्या एका हॉटेलच्या बाथरूममध्ये तो मेला. दंडात सुई तशीच होती.

घरी येऊन नॉर्माने सासूला सांगितलं, "हृदय बंद पडलं, मम." म्हटलं तर खोटंही नाही, शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. बाकीचे चौघेही गप्प राहिले, आणि दुसऱ्या गिटारवाल्याच्या मरणाची चौकशी करायला वर्तमानपत्रांना तेव्हाही सवड नव्हती. पुढे नॉर्माने बॉयलर दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसाशी लग्न केलं, तोही गेला. पण दर रविवारी ओटकेक नावाची धिरडी आणि चीज घेऊन ती विनीकडे, म्हणजे पहिल्या सासूकडे जायची. आधी तिच्या घरी, मग वृद्धाश्रमात. विनीला क्लाइव्हशिवाय दुसरं मूल नव्हतं. आता ती चौऱ्याण्णवची होती, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

सिनेमावाल्यांकडून इमोजेन नावाची एक पोरगी आली होती. गोड बोलणारी, प्रत्येक वाक्याला मान हलवणारी. तिने फोटो नेले, क्लाइव्हचं चामडी जाकीट नेलं. नॉर्मा रंगवायची ते कप कसे होते, भिंतीवरचा कागद कुठल्या रंगाचा होता, बँडच्या व्हॅनचं कुठलं दार अडकायचं, सगळं लिहून घेतलं. "आम्हाला अगदी खरंखुरं करायचंय," ती म्हणाली. महिन्याभराने तिने पटकथा पाठवली, आणि त्यात ते बाथरूम होतं. सुईसकट.

नॉर्माने लगेच फोन लावला. "हे काढा. त्याची आई जिवंत आहे."

"पण हे खरं आहे ना?" इमोजेन हळुवारपणे म्हणाली.

"खरं आहे म्हणूनच काढा, बाई!"

मेलेल्या माणसाच्या बदनामीसाठी कोर्टात जाता येत नाही, हे नॉर्माला कोणीतरी सांगितलं होतं. पण बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं क्लाइव्हने लिहिलं होतं आणि त्याचे हक्क तिच्याकडे होते. बाथरूम ठेवाल तर गाणं मिळणार नाही, असं तिने ठणकावलं. आठवड्याने उत्तर आलं, की तो प्रसंग सिनेमात नसेल, शब्द देतो. नॉर्माने सही केली.

सही झाली आणि धास्ती सुरू झाली. सिनेमावाल्यांच्या शब्दाचा काय भरवसा? बाथरूम काढतील आणि सुई दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतील. नुसता दंड दाखवतील. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून टाकतील. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते उगाच नाही. तिने इमोजेनला पुन्हा फोन केला, तर ती दुसऱ्याच सिनेमाच्या कामाला लागली होती.

इकडे विनीने अख्ख्या वृद्धाश्रमाला आमंत्रण देऊन टाकलं होतं. केस सेट करून घेतले. रविवारी संध्याकाळी निळा पोशाख घालून ती दिवाणखान्यात टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत जाऊन बसली. मागे पंधरावीस म्हातारेकोतारे, हातात शेरीचे छोटे ग्लास. शेजारी ह्यूबर्ट कोकली, आयुष्यभर बस चालवलेला आणि आता विनीची खोडी काढण्यावर जगणारा.

"विनी, तुझ्या पोराचं काम कोण करतंय?"

"कोणीतरी देखणाच असणार. तुझं काम करायचं असतं तर बसच आणावी लागली असती."

सगळे हसले. नॉर्मा विनीच्या मागे उभी राहिली. बसायला तिचा धीर होईना. रिमोट मात्र तिने आधीच पर्समध्ये टाकून ठेवला होता.

सिनेमा सुरू झाला. कप अगदी बरोबर होते. सोनेरी रेघसुद्धा तिच्यासारखीच, थोडी जाड. भिंतीचा कागद बरोबर, व्हॅनचं दार अडकत होतं. त्या खरेपणाने तिची धास्ती उलट वाढली. एवढं सगळं जे सोडत नाहीत, ते बाथरूम सोडतील? पडद्यावर कुठलंही दार उघडलं की ती पर्समध्ये हात घालायची. हॅम्बुर्ग आलं, गेलं. विनी मध्येच वळून विचारायची, "आपला अजून आला नाही का गं?" आणि नॉर्मा म्हणायची, "येईल, मम." रॉटरडॅम आलं. हॉटेल. लांब बोळ. नॉर्माचा अंगठा बटणावर. गायक आपल्या खोलीत शिरला, खिडकीशी बसला, सिगरेटच्या पाकिटावर एक गाणं लिहू लागला, आणि सकाळ झाली.

झालं. शब्द पाळला होता! नॉर्माने इतका मोठा श्वास सोडला की ह्यूबर्टने मागे वळून पाहिलं. ती पहिल्यांदा खुर्चीत टेकली.

मग तिला कळलं, की पाकिटावर लिहिलेलं ते गाणं क्लाइव्हचं होतं.

पडद्यावर बँड स्टेजवर चढत होता. गायक, गिटारवाला, बासवाला, ड्रमवाला. नॉर्माने पुन्हा मोजले. चौघेच होते. क्लाइव्हचं चामडी जाकीट गायकाच्या अंगात होतं. मरण काढायचं तर त्याचं काय करायचं, हा प्रश्न सिनेमावाल्यांनी सोपा करून टाकला होता. जो जगलाच नाही तो मरणार कसा? इतका वेळ ही बाई एका दाराकडे डोळे लावून बसली होती आणि सबंध माणूसच घरात नव्हता, हे तिला दिसलं नव्हतं. विनीला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं होतं.

सिनेमा संपला, दिवे लागले.

"विनी," ह्यूबर्ट म्हणाला, "तुझा पोरगा कुठाय?"

"बाजूला उभा असायचा तो. डावीकडे." विनीचा आवाज बारीक झाला होता. "तिकडे कॅमेरा गेला नाही त्यांचा."

"अगं, चौघे होते ते! आता टीव्हीवाल्यांना माहीत नाही होय?"

"माझ्या खोलीत फोटो आहे त्याचा. गिटार घेऊन."

"गिटार तर माझ्या नातवाकडेही आहे," ह्यूबर्ट म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, सवयीने बोलून गेला. पण मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, आणि एक बाई शेजारणीला म्हणाली, "जाऊ दे, या वयात होतं असं." ती दबक्या आवाजात बोलली, पण विनीचे कान तिखट होते. विनीने निळ्या पोशाखाचा काठ मुठीत धरला.

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. गप्प राहावं तर विनी सगळ्यांत खोटी ठरते, बोलावं तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा मरतो, आणि या वेळी खऱ्या कारणाने. नॉर्मा उठली.

"होता तो," ती म्हणाली. "पाच जण होते. शेवटचं गाणं त्याचंच आहे. मी काढायला लावलं त्याला."

"तू?" विनी वळली.

"हृदयाने नाही गेला तो, मम. ड्रग्ज घेत होता. सुईने गेला. ते तुला दिसू नये म्हणून मी त्यांना सांगितलं, तो प्रसंग काढा. त्यांनी त्यालाच काढलं."

विनी सावकाश ह्यूबर्टकडे वळली. मुठीतला पोशाखाचा काठ तिने सोडला.

"ऐकलंस? होता माझा क्लाइव्ह त्यात."

"ऐकलं, विनी," ह्यूबर्ट म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

नॉर्माने तिला खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, वाकून तिचे बूट काढायला लागली. नॉर्माला वाटलं, आता ही आपल्याला चालती हो म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"त्या वेळी तू कुठे होतीस?" विनीने विचारलं.

"खाली. पाव आणायला गेले होते."

"मग तू तेव्हा म्हणालीस, त्याचा हात तुझ्या हातात होता."

"म्हणाले होते."

"म्हणजे एकटाच होता."

"हो, मम."

विनीने डोळे मिटले. "रोज झोपताना मी देवाचे आभार मानते, नॉर्मा. त्याच्या हातात कोणाचा तरी हात होता म्हणून. पंचेचाळीस वर्षं झाली." तिने डोळे उघडले. "आता आज काय म्हणू, तूच सांग."

सासूचा बूट हातात घेऊन नॉर्मा तशीच जमिनीवर बसून राहिली.