वाट चुकलेल्याचं ताट

योलान्ताची जीभ तिखट, हे पोलंडमधल्या नोवी सोंचच्या शाळेतलं पोरन् पोर जाणून होतं. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली ढवळण्यात गेलेल्या बाईने गोड बोलायचं तरी कधी? पण भावाची, लेओनची, आईवेगळी पोर, किंगा, शाळा संपेपर्यंत तिच्याच दोन खोल्यांत वाढली. तिच्यासाठी योलान्ताने लग्नाचा विचारसुद्धा केला नाही. केला असता तर कुणी विचारलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी किंगाचा फोन आला.

"आत्या, निघू नकोस गं. रस्ता बंद झालाय. यंदा जेवणबिवण काही नाही. मी आणि बाबा सूप पिऊन झोपणार."

दुसरी कुणी असती तर हळहळून घरी बसली असती. योलान्ता बसणारी नव्हती. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाच्या रात्री बापलेक बर्फात अडकून उपाशी? तिने आळंब्यांच्या करंज्यांचा डबा शालीत गुंडाळला आणि भावाच्या डोंगरातल्या गावाकडे जाणारी बस गाठली.

गाव जवळ आलं आणि वळणावर बस बर्फात रुतली ती रुतलीच. चाकं नुसती गरगरत होती. पाय बधिर व्हायला लागले तेव्हा बर्फ काढणारी गाडी आली. तिचा ड्रायव्हर विटेक भावाच्याच गावचा. त्याने बस ओढून काढली आणि योलान्ताला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"रस्ता बंद होता ना रे सकाळपासून?" तिने विचारलं.

"छे! मीच साफ करतोय सकाळपासून. हा ढीग तर आत्ता वाऱ्याने आणून टाकला. दुपारी क्राकोव्हची मोठी गाडी लेओनच्या दारात पोचली की. किंगाचे होणारे सासू-सासरे! डॉक्टर आहेत म्हणे दोघं." विटेक तिच्याकडे बघून थांबला. "योलाताई, तुम्हाला... माहीत असेलच."

"असणारच," योलान्ता म्हणाली. आणि गाव येईपर्यंत मांडीवरच्या डब्याची शाल घट्ट करत राहिली.

लेओनच्या घरात दिवे झगझगत होते. टेबलावर पांढऱ्या चादरीखाली रिवाजाचं गवत अंथरलेलं, बीटाचं सार वाफाळत होतं, आणि टेबलाभोवती लेओन, किंगा, नवरामुलगा, त्याचे आईवडील. कडेला एक ताट रिकामं. वाट चुकून कुणी दारात आला तर त्याच्यासाठी. वर्षानुवर्षं ते ताट योलान्ताच मांडत आली होती, घरच्यांची सगळी मांडून झाल्यावर, शेवटी.

"अय्या, या कोण?" विहीणबाईंनी विचारलं.

किंगाचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला. "या... माझ्या शाळेत स्वयंपाक करायच्या."

खोटं तरी कसं म्हणावं? खरंच होतं ते, म्हणून तर जास्त लागलं. योलान्ताने भावाकडे पाहिलं. सख्खा भाऊ, आणि तो सारात काहीतरी शोधत बसला होता.

"मग उभ्या का? बसा ना!" विहीणबाई मनापासून म्हणाल्या. "पाहुण्याचं ताट मांडलेलंच आहे. शकुनच झाला म्हणायचा!"

योलान्ताने दार उघडून बाहेरच्या गाडीकडे हाक मारली, "विटेक, आत ये. सकाळपासून राबतोयस. जेवून घे." त्याला तिने त्या ताटावर बसवलं. करंज्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. "हे ताट वाट चुकलेल्याचं, डॉक्टरीणबाई. मी वाट चुकले नाही. मला चुकवायला बघितलं."

किंगा उठली. या रात्री सगळ्यांनी मोडून वाटून खायची कागदासारखी पातळ पोळी तिने योलान्तापुढे धरली. ती पुढे आली की तुकडा मोडायचा, झालं गेलं विसरायचं आणि चांगलं चिंतायचं. नाही म्हणायची रीत नाही.

"आत्या," ती पुटपुटली. विहीणबाईंचा चमचा हवेतच राहिला.

योलान्ताने तुकडा मोडला, तोंडात टाकला. तो टाळूला चिकटला. चांगलं चिंतायला शब्द शोधले, सापडले नाहीत. ज्या पोरीच्या तापात रात्र रात्र जागली, तिच्यासाठी एकही नाही. तिने ओले बूट पुन्हा चढवले.

"तू सावकाश जेव रे विटेक. मी गाडीत बसते."

तेव्हा कुठे लेओनला वाचा फुटली. "ताई, अगं या बर्फात कुठे चाललीस? रस्ता बंद होईल."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सकाळीच फोन आला होता."