चाकूवरचा भाऊ

आता तुम्ही हसणारच आहात, तर आधी कप खाली ठेवा. आणि मध्येच "तू नीट बघितलं का नाहीस?" असं विचारू नका. ते विचारणारे मला भरपूर भेटलेत.

आमचा थोरला म्हणजे भाऊ. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण आईपासून दूधवाल्यापर्यंत सगळं कोल्हार गाव त्याला भाऊच म्हणायचं. मीसुद्धा. त्याला नाद चाकूंचा. तसले नव्हेत हो. भांडणाचे नाहीत आणि भाजीचेही नाहीत. हातानं घडवलेले, नुसते बघायचे. उंटाच्या हाडाची मूठ, तिच्यावर सुईनं बारीक टिंबं टोचायची आणि त्यात काळी शाई भरायची, की चित्र उठतं. कुठं मोर, कुठं बैल. पात्यावर छिन्नीनं वेलबुट्टी. असे अकरा चाकू काचेच्या कपाटात होते. वहिनीनं एकदा त्यातल्या एकानं कांदा चिरला, तर हा माणूस दोन दिवस जेवताना तोंड फिरवून बसला.

भाऊ जाऊन चार महिने झाले. आजाराचं सांगत नाही, सांगवत नाही.

मागच्या महिन्यात संगमनेरकडच्या कारागिराचा फोन आला. उस्मानचाचा. "तुझ्या भावानं सांगितलेला चाकू झालाय, घेऊन जा." मी तसाच गाडीला किक मारली. चाचा घरी नव्हते. त्यांच्या सुनेनं कागदात गुंडाळलेला चाकू हातात दिला.

रस्त्याच्या कडेला थांबून उघडला. मुठीवर नखाएवढा चेहरा, डोक्याला फेटा. पात्यावर कोरलेलं, 'भाऊ'. मला वाटलं, गड्यानं स्वतःचंच चित्र काढून घेतलं आणि बघायला राहिला नाही. तिथंच मोटारसायकलीवर बसून रडलो.

रडून झाल्यावर घरी जायचं ना? नाही. आमचं डोकं चालायला लागलं. शिक्षण सातवी, तेही ढकलत, पण एवढं मला ठाऊक होतं की गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' लागतं. दहाव्याला वाटलेल्या डब्यांवर होतं की. मग चाकूवर नको?

गेलो भांड्याच्या दुकानात. तिथला नावं टाकणारा मशीन हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला.

"चाकूवर कै.?"

"तुमाला काय करायचंय? टाका."

"अहो, ह्यो फोटो..."

"माझ्या भावाचा हाय. तुमी टाका."

घर्रर्र. झालं. टिंबासकट.

घरी आलो. आईला सांगितलं, भाऊचा चाकू हाय, त्याचं चित्र हाय वर. आईची नजर अधू, वाचता तर येतच नाही. तिनं चाकू कपाळाला लावला आणि भाऊच्या फोटोपुढं ठेवला. वहिनी मात्र तो उचलून खिडकीजवळ गेली.

"भावजी, हे चित्र..."

"वहिनी, रडायचं न्हाई."

"मी कुठं रडते? तुमी ऐका तरी."

"आधी पानी प्या."

तिनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, दुःखानं.

रात्रभर एक गोष्ट डोक्यात. चित्र काही जमलेलं नव्हतं. सकाळी चाचांना फोन लावला आणि चढलोच.

"चाचा, भाऊचं नाक सरळ हुतं. हे काय बटाटा काढलाय?"

"जसा फोटो, तसं नाक."

"आन् कान? सुपासारखे? भुवईत खाच कशाला मारली? सुई घसरली का?"

"सुई न्हाई घसरली. खाच फोटोत हाय."

"भाऊला कुठं खाच हुती? त्याचं माकड करून ठेवलं तुमी."

चाचा म्हणाले, "तुज्या भुवईला हात लाव बरं."

लावला. लहानपणी ट्रॉलीवरून पडलो होतो, तेव्हाची खाच. होती तिथंच.

"फोटो तुजा दिला हुता त्यानं. चुलत्याच्या लग्नातला, फेट्यातला. म्हनला, चाचा, माझ्या भावासाठी करायचाय. वर भाऊ एवढंच लिवा, त्याला कळंल."

नाही कळलं. काय सांगू तुम्हाला! माझ्यासाठी त्यानं शेवटची वस्तू करून घेतली आणि मी तिच्यावर स्वतःला मारून मोकळा.

"चाचा, पुढचं 'कै.' घासून निघंल का?"

"कसलं कै.?"

सांगितलं. मग बराच वेळ चाचांचा खोकलाच ऐकू येत होता. खोकला कसला, हसत होते. "निघंल. पन त्याच्या संगं माझं 'भाऊ' बी निघंल. बोल, घासू?"

नको म्हणालो. ते अक्षर भाऊनं सांगून कोरून घेतलेलं. ते कसं घासू देऊ?

वहिनी दारात उभी होती. "काल मी हेच सांगत हुते," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून मोरीत गेली. तिथून आवाज आला, तो आधी हसण्याचा होता. नंतरचा कसला, ते मी विचारलं नाही.

पण आईला सांगायचं कसं? एक पोरगा गेलाय तिचा. दुसऱ्याच्या चेहऱ्याला मी स्वतः पैसे देऊन 'कै.' चिकटवून आणलंय, हे ऐकून तिचं काय होईल? मी आणि वहिनी, दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

तेव्हापासून आई रोज सकाळी त्या चाकूवर फूल ठेवते आणि मला हाक मारते. मी जातो, हात जोडतो. वहिनी त्या वेळी नेमकी भिंतीकडं तोंड करून उभी असते.

काल मी घाईत होतो. उभ्या उभ्याच हात जोडले आणि निघालो. आईनं मागून सदरा धरला.

"नीट वाकून पाया पड की. तुज्यापरीस लाख पटीनं शाना हुता त्यो."